रंग पालटणारा पेंट: बॉनेट जमलं, दारं फसली

पहाटवारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माझ्याकडे एक जुनी दोन दारांची गाडी आहे. फेंडर फुगीर, मागची बाजू गोल उतरत गेलेली. पत्र्याचं काम मी स्वतः केलं, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली, घासली, आणि तिच्यावर रंग पालटणारा पेंट मारायला घेतला. समोरून पाहिलं तर हिरवा, बाजूला सरकलं की निळा आणि अगदी तिरक्या नजरेला जांभळा. धूपछांव कापडासारखा.

बॉनेट आणि डिकी गाडीवर बसवलेली असतानाच मारली. ती इतकी सुंदर आली की सकाळी ऊन पडल्यावर मी अर्धा तास नुसता गाडीभोवती फिरत होतो. दारं मात्र काढून घेतली होती, आतल्या कडा नीट रंगवता याव्यात म्हणून. दोन घोड्यांवर (स्टँडवर) आडवी ठेवून मारली. क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, वाळल्यावर जागेवर बसवली आणि पोटात गोळाच आला. दारांवर तळहाताएवढे ढगाळ चट्टे आहेत. शिवाय एकाच जागी उभं राहून पाहिलं तर फेंडर हिरवा दिसतो आणि त्याला लागून असलेलं दार निळ्याकडे झुकलेलं दिसतं. रंग तोच, फवारायची गन तीच, हात माझाच. मग हे झालं कसं? पॉलिशने जाईल का, की पुन्हा मारावं लागेल? फोटो जोडलेत. खरं सांगा, वाईट वाटलं तरी चालेल.

गनमास्तर

पॉलिशने जाणार नाही. चट्टे क्लिअरमध्ये नाहीत, खालच्या रंगात आहेत. पण आधी चार गोष्टी सांगा. दारांना थिनर कोणता वापरलात, जलद की सावकाश वाळणारा? दोन हातांमध्ये, म्हणजे रंगाच्या दोन थरांमध्ये, किती वेळ थांबलात? दारांच्या रंगाखालचा काळा थर आणि बॉनेटच्या रंगाखालचा काळा एकाच दिवशी, एकाच डब्यातून मारला होता का? आणि रंग मिसळला तो एकदाच की दोनदा?

चाकधर

फोटोत दार आणि फेंडर वेगवेगळ्या गाड्यांचे वाटतात खरे. पण ते बॉनेट! फार देखणं झालंय. वाचतोय.

पहाटवारा

मास्तर, उत्तरं देतो. बॉनेट दुपारी मारलं तेव्हा जलद थिनर होता. दारांच्या वेळी तो संपला म्हणून सावकाश वाळणारा घातला, आणि संध्याकाळ होती, हवा गार. थांबलो साधारण पाच मिनिटं, अंधार पडायच्या आत उरकायचं होतं. काळा एकाच डब्यातला, पण दारांवरचा पी४०० च्या सँडपेपरने घासून तसाच ठेवला होता, बॉनेटवरचा घासला नव्हता. रंग दोनदा मिसळला, पहिला डबा बॉनेट-डिकीतच संपला.

लिहिताना माझं मलाच दिसायला लागलंय की दोन्हीकडे काहीच सारखं नव्हतं.

गनमास्तर

चारही कारणं लागली आहेत, पण त्यांचं मूळ एकच आहे. ते नीट समजलं तर पुढच्या वेळी कुठलंही पॅनल फसणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साध्या रंगात डब्यातला रंगच पत्र्यावर येतो. लाल म्हणजे लाल, जाड मारा नाहीतर पातळ, झाकलं की झालं. या पेंटचं तसं नाही. डब्यात आहेत त्या अतिशय बारीक, चपट्या चकत्या, आणि त्या पत्र्यावर कशा *निजतात* त्यावर रंग ठरतो. सगळ्या चटईसारख्या सपाट निजल्या तर रंग स्वच्छ दिसतो आणि एका रेषेत पालटतो. काही तिरक्या, काही उभ्या राहिल्या तर समोरून पाहताना त्यातल्या काही आधीच 'तिरका' रंग दाखवत असतात. त्या सगळ्याची मिळून भेसळ दिसते. तोच तुमचा ढग.

आता चकत्या निजवतं कोण? गन नाही, *वाळणं*. ओला थर जाड असतो, थिनर उडून जातो तसा तो आक्रसत खाली बसतो आणि बसताना चकत्यांना दाबून आडवं करतो. थर पातळ आणि वेळेत वाळला तर हे छान होतं. थर ओलाकच्च असेल आणि बराच वेळ तसाच राहिला तर आतलं द्रव वरखाली फिरत राहतं आणि त्याच्यासोबत चकत्या तरंगत, गोळा होत, उलटसुलट होत राहतात. सावकाश थिनर, गार संध्याकाळ, पाच मिनिटांत दुसरा हात. तुम्ही त्यांना निजूच दिलं नाहीत.

आडव्या दाराचं आणखी एक आहे. उभ्या पत्र्यावर जास्त मारलं तर ओघळ येतो, म्हणून हात आपोआप आवरता राहतो. आडव्यावर ओघळ येत नाही. किती जास्त पडतंय याची समज देणारा तो एकच इशारा असतो आणि तोच तिथे नसतो. त्यामुळे आडव्या पॅनलवर नेहमी जास्त ओलं पडतं. चकतीचा कुठलाही रंग, अगदी साधा चंदेरी मेटॅलिकसुद्धा, पॅनल गाडीवर ज्या अवस्थेत असणार त्याच अवस्थेत ठेवून मारायचा. दार उभं, बॉनेट आडवं. आतल्या कडा आधी मारून घ्या, दारं बसवा, आतून मास्किंग करा आणि मग बाहेरची बाजू फेंडरसकट एका ओघात मारा. हात फेंडरवरून सुरू होऊन दारावरून थेट मागच्या चाकापर्यंत गेला पाहिजे, मधे कुठेही थांबायचं नाही.

किरणोत्सुक

मास्तरांनी कामाची बाजू सांगितली, मी प्रकाशाची सांगते. मी भौतिकशास्त्र शिकवते आणि हा माझा अतिशय आवडीचा विषय आहे.

पावसात रस्त्यावर तेल सांडलं की तवंगावर रंग दिसतात. तेलाला स्वतःचा तसा रंग नसतो. तवंगाच्या वरच्या पृष्ठावरून आणि खालच्या पृष्ठावरून परत आलेले किरण एकमेकांत मिसळतात, काही रंग एकमेकांना बळ देतात, काही एकमेकांना पुसून टाकतात. पहाटवारा यांच्या पेंटमधली प्रत्येक चकती म्हणजे असाच एक गोठवलेला तवंग आहे, फक्त जाडी अतिशय काटेकोर राखलेला.

या प्रकारातल्या उत्तम रंगद्रव्यात पाच थर असतात. मधे ॲल्युमिनियमचा आरसा, त्याच्या दोन्ही बाजूंना मॅग्नेशियम फ्लोराइडचा पारदर्शक थर आणि सगळ्यात बाहेर क्रोमियमचा इतका पातळ पापुद्रा की निम्माशिम्मा प्रकाश आरपार जातो. दोन्ही बाजू सारख्या असतात, त्यामुळे चकती पालथी पडली तरी बिघडत नाही. निर्वात पेटीत हे थर एका फिल्मवर चढवतात, मग सोलून काढून बारीक करतात. अख्ख्या चकतीची जाडी एक मायक्रॉनच्या आसपास आणि रुंदी त्याच्या वीसेक पट. म्हणजे खरोखरच चटई.

रंग ठरवतो तो मधला पारदर्शक थर. आपण तिरकं पाहतो तेव्हा त्या थरातल्या दोन किरणांच्या वाटेतला फरक *कमी* होतो, वाढत नाही. म्हणून रंग नेहमी लांब लहरीकडून आखूड लहरीकडे सरकतो: लाल असेल तर सोनेरी-हिरव्याकडे, हिरवा असेल तर निळ्या-जांभळ्याकडे. उलट दिशेने कधी जात नाही. मॅग्नेशियम फ्लोराइडचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात शिरताना किती वळतो त्याचं माप) १.३८. समोरून ५५० नॅनोमीटरचा हिरवा दिसत असेल तर ६० अंशांच्या कोनातून तोच हिशेब सुमारे ४२८ वर येतो, म्हणजे सरळ जांभळा. हीच गोष्ट टायटॅनियम डायऑक्साइडच्या थराने करायची म्हटली, ज्याचा अपवर्तनांक अडीचच्या आसपास आहे, तर ५५० फक्त ५१६ पर्यंत येतो: हिरवा तो हिरवाच. अभ्रकावर टायटॅनियम डायऑक्साइड चढवलेले मोतिया रंग कमी पालटतात त्याचं कारण हे आहे. नुसतं 'रंग बदलणारा' असं नाव वाचून अभ्रकाचा घ्याल आणि मोराच्या मानेसारखं काही दिसेल अशी आशा धराल तर निराश व्हाल.

आता तुमच्या दाराकडे या. चकती जरा जरी कलली तरी तिच्यापुरता पाहण्याचा कोन बदलला. म्हणून तुमचं दार निळ्याकडे गेलं. रंग चुकलेला नाही, कोन चुकलाय.

गनमास्तर

ताई, तीसेक वर्षं गन धरतोय, पण रंग एकाच दिशेने का सरकतो हे आज कळलं. मनापासून आभार.

वाचनमात्र

मी आत्तापर्यंत फक्त हेल्मेटवर सराव केलाय, म्हणून बाळबोध प्रश्न. खाली काळाच का लागतो? पांढऱ्यावर किंवा निळ्यावर मारला तर?

किरणोत्सुक

चकत्या अख्खा पत्रा झाकत नाहीत. फटींतून, आणि अभ्रकाच्या बाबतीत चकतीच्या आरपारसुद्धा, प्रकाश खाली जातो. खाली पांढरं असेल तर तो सगळा परत येतो आणि रंग फिका, दुधाळ करून टाकतो. काळा त्याला गिळतो. मग डोळ्याला फक्त चकत्यांकडून आलेला प्रकाश मिळतो.

गनमास्तर

निळ्यावर किंवा गडद जांभळ्यावर मुद्दाम मारणारे आहेत, छान दिसतं, पण ते वेगळं काम. शिकताना काळ्यावरच मारा.

आणि काळ्याबद्दल एक सांगतो ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं. हा काळा म्हणजे प्रायमर नाही, तो अर्धा रंग आहे. चकत्या एक मायक्रॉन जाडीच्या, आणि पी४०० चा ओरखडा त्याहून कितीतरी खोल. चकती त्या खाचेत कलते आणि क्लिअर मारल्यावर प्रत्येक ओरखडा वेगळ्या रंगात चमकतो. पहाटवारा, दारांच्या फोटोत चट्ट्यांखाली बारीक तिरप्या रेघा दिसताहेत बघा, त्या चट्ट्यांच्या नाहीत, तुमच्या पेपरच्या आहेत. सरफेसर (काळ्याच्या खालचा, पत्रा सपाट करणारा थर) कोरड्या पेपरने सपाट करा, शेवट पी८०० ला पाण्याने करा. त्यावर काळा बेसकोट मारा आणि *तो घासूच नका*. धुळीचा कण बसला तर तेवढ्याच जागी पी१००० हलकेच फिरवा, त्यावर पुन्हा काळ्याचा एक हात. मगच रंग.

पहाटवारा

मास्तर, रेघा आत्ता टॉर्च लावून पाहिल्या. तुम्ही म्हणता तशाच आहेत, सगळ्या एका दिशेच्या, माझा हात ज्या दिशेने फिरत होता त्या. भिंगातून पाहिलं तर चट्ट्याच्या मधोमध ठिणग्या विखुरल्यासारख्या दिसतात, एक हिरवी, शेजारची जांभळी, तिसरी जवळजवळ काळी. बॉनेटवर तेच भिंग ठेवलं तर सगळ्या एकसारख्या हिरव्या. भिंग जरासं कललं की सगळ्या मिळून निळ्या होतात. हे पाहिल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही.

ठरलं. दारं पुन्हा मारणार, फेंडरसकट. गनचं गणित सांगाल का?

गनमास्तर

सांगतो. पण आकडे आधी रंगाच्या डब्याबरोबर आलेल्या कागदाशी ताडून पाहा, प्रत्येक कंपनीचं बाईंडर (चकत्या धरून ठेवणारं पारदर्शक द्रव) वेगळं वागतं.

रंगद्रव्य सुटं असेल तर एक लिटर पारदर्शक बाईंडरला २५ ग्रॅमपासून सुरुवात करा. आधी थोड्या बाईंडरमध्ये भिजवून लापशीसारखं करून घ्या, मग बाकीचं घाला, नाहीतर गुठळ्या राहतात. जोरात घुसळणारं यंत्र लावू नका, चकत्या तुटतात. काडीने ढवळा. गनमध्ये ओतताना गाळूनच ओता, पण अति बारीक गाळणी घेतलीत तर चकत्या गाळणीतच राहतील. आणि दर पॅनलनंतर पेला हलवा. चकत्या जड असतात, पाच मिनिटं गप्प उभं राहिलात की तळाशी बसतात आणि मग शेवटच्या पॅनलवर अर्धं रंगद्रव्य पडतं.

सगळ्या गाडीचा रंग एकदाच, एकाच बादलीत मिसळा. लागेल त्याहून निदान पाचवा हिस्सा जास्त. त्यात काटकसर करायचीच नाही.

गन एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब), तोटी १.३ मिलिमीटर. हवा गनच्या दांड्याशी, ट्रिगर दाबलेला असताना, दोन बारच्या आसपास. अंतर एक वीत. फवाऱ्याचा प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर किमान निम्म्याने चढवा, मी पाऊण चढवतो. हात पत्र्याला समांतर, मनगट वळवायचं नाही. मनगट वळलं की टोकाला पट्टा पातळ होतो. पातळ हात, चार ते सहा. दोन हातांमध्ये ओलेपणाची चमक पूर्ण जाऊन पत्रा सगळीकडे सारखा मंद दिसेपर्यंत थांबा. दहा मिनिटं लागोत नाहीतर वीस, घड्याळाकडे बघू नका, पत्र्याकडे बघा. प्रत्येक पॅनलवर हातांची संख्या *मोजून सारखी*. कागदावर रेघा ओढत जा. एखाद्या पॅनलवर 'अजून एक मारू, छान दिसतंय' असा मोह होईल, तो आवरा.

आणि आता शेवटचा हात. माझ्या मते सगळं काम यात आहे. अंतर दीड-पावणेदोन वीत करा, हवा थोडी उतरवा, आणि गाडीच्या लांबीने एकदा, मग वरून खाली आडव्या छेदाने एकदा, अगदी हलका, जवळजवळ दव पडल्यासारखा फवारा सोडा. तो पत्रा ओला करण्यासाठी नाहीच. खालच्या हातात कुठे पट्टे राहिले असतील तर त्यावर सगळीकडे एकसारखी बसलेली चकत्यांची एक शेवटची चादर पडते, आणि डोळा तीच वाचतो. मात्र फार लांबून मारलंत तर थेंब हवेतच वाळतो आणि पत्रा खरखरीत होतो. तळहाताची मागची बाजू हलकेच फिरवून पाहा. वाळूसारखं लागलं तर जवळ या.

लोहारकाम

मास्तरांच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. माझं काम अपघाताच्या गाड्यांचं, त्यामुळे दुरुस्तीची बाजू लिहितो.

या रंगाला डाग बुजवणं जवळजवळ नाही. दारावर नाण्याएवढा ओरखडा आला तरी अख्खं दार मारावं लागतं, आणि ते फेंडरशी जुळावं म्हणून रंग फेंडरमध्ये आणि मागच्या पॅनलमध्ये विरवत न्यावा लागतो. म्हणजे एका ओरखड्यापायी गाडीची एक बाजू. कारखान्यातून आलेल्या गाड्यांनाही हे चुकलेलं नाही. फोर्डने १९९६ साली मस्टँग कोब्रावर 'मिस्टिक' नावाचा असा रंग दिला, २००४ साली 'मिस्टिक्रोम'. निसानच्या आर३४ स्कायलाइनवर १९९९ आणि २००० साली 'मिडनाइट पर्पल'च्या दोन आवृत्त्या आल्या. मोजक्याच गाड्या निघाल्या. आज त्यांच्यातली एखादी घासली गेली तर मालकाला आधी चिंता पडते ती जुळणाऱ्या रंगाची.

म्हणून पहाटवारा, उरलेला रंग टाकू नका. डबा काठोकाठ भरेल इतका लहान घ्या, झाकण घट्ट, उलटा न ठेवता सरळ ठेवा. आणि एका पत्र्याच्या तुकड्यावर तुमच्या गाडीवर मारलेत तेवढेच हात, तीच गन, तोच दाब ठेवून नमुना करा, मागे सगळे आकडे लिहा. पाच वर्षांनी दार ठोकलं गेलं तर पेंटरला त्या तुकड्यापासून सुरुवात करता येईल.

नोंदणीच्या कागदावर गाडीचा रंग लिहिलेला असेल तर तेही मारायच्या आधी विचारून घ्या.

वाचनमात्र

रंग मारल्यावर बारीक धूळ बसलीच तर क्लिअरआधी रंग घासायचा का?

लोहारकाम

अजिबात नाही. चकती घासली की वरचे थर जातात आणि आतलं ॲल्युमिनियम उघडं पडतं. तिथे चंदेरी ठिपका दिसतो, तो कुठल्याही कोनातून पालटत नाही. कण काढायचाच झाला तर तेवढाच काढा आणि त्यावर पुन्हा रंगाचे हलके हात द्या. घासण्याची हौस क्लिअरवर भागवा. काहीजण रंगावर आधी पारदर्शक बाईंडरचा एक हात देतात, तोही चांगला उपाय आहे, चकत्या झाकल्या जातात.

श्वासमोकळा

सगळे रंगाबद्दल बोलताहेत म्हणून मी दुसरं लिहितो. कृपया कोणी हा प्रतिसाद ओलांडून जाऊ नका.

मी अकरा वर्षं गाड्या रंगवल्या. मला ते काम जीवापाड आवडायचं. आता मला दमा आहे आणि हार्डनरचा डबा उघडलेल्या खोलीत मी दोन मिनिटं उभा राहू शकत नाही.

टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारताना त्याचे बारीक थेंब छातीत खोल जातात. शरीर त्याला एकदा बिथरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही छाती आवळते, आणि हे बहुधा आयुष्यभर राहतं. त्याचा वासावरून अंदाज येत नाही. नाकाला कळेपर्यंत मात्रा धोक्याच्या पुढे गेलेली असते. 'वास येत नाहीये म्हणजे मास्क चालतोय' असं मी वर्षानुवर्षं समजत होतो.

ज्या ठिकाणी मी शिकलो तिथे तोंडाला रुमाल बांधून क्लिअर मारायचे. मीही तेच केलं. पुढे काडतुसाचा (हवा गाळणारी डबी लावलेला) मास्क घेतला, पण काडतूस कधी बदलायचं हे कोणी सांगितलं नाही. टू-के फवारायला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो, ज्याची नळी वेगळ्या, शुद्ध हवेच्या पुरवठ्याला जोडलेली असते. तो नसेल तर रंगाचं काम स्वतः करा आणि क्लिअर व्यवस्थित बूथ (रंग फवारायची खास बंद खोली) असलेल्याकडून मारून घ्या. यात कमीपणा नाही.

अजून एक. सगळ्यात जास्त लोक फसतात ते मारून झाल्यावर. फवारा दिसेनासा झाला की मुखवटा वर करून आपण काम न्याहाळतो. डोळ्याला धुकं दिसत नसलं तरी हवेत थेंब असतात. खोलीची हवा पूर्ण बदलायला किती मिनिटं लागतात ते आधी मोजून ठेवा आणि तोवर मुखवटा उतरवू नका. हातमोजे, डोळे झाकलेले, अंगभर कपडे. आणि थिनरची वाफ पेटते, म्हणून खोलीत ठिणगी पडेल असं काहीही नको, साधा पंखासुद्धा नको.

पहाटवारा

तुमचा प्रतिसाद तीन वेळा वाचला. मी बॉनेटचं क्लिअर काडतुसाच्या मास्कमध्ये मारलं होतं आणि तुम्ही लिहिलंय तसाच मास्क काढून लगेच जवळ जाऊन पाहिलं होतं. इतकं मोकळेपणाने लिहिलंत, तुमचे उपकार आहेत. या वेळी क्लिअर बूथमध्येच मारून घेणार, ठरलं.

चाकधर

श्वासमोकळा, हा प्रतिसाद धाग्याच्या माथ्यावर हवा. काळजी घ्या.

किरणोत्सुक

एक सुचवते. रंग तपासायला खोलीतले दिवे पुरत नाहीत. छतभर ट्यूब असतील तर प्रत्येक चकतीला कुठून ना कुठून प्रकाश मिळतोच, आणि चट्टे लपतात. ढगाळ दिवशीही तसंच. उन्हात सूर्य एका ठिकाणी असतो, त्यामुळे चुकीची निजलेली चकती लगेच उघडी पडते. तेव्हा क्लिअरला नेण्याआधी, रंग पुरता सुकल्यावर, गाडी उन्हात काढून चारही बाजूंनी पाहा. तेव्हा दिसलेला दोष अजून दुरुस्त होतो.

गनमास्तर

ताईंचं अगदी बरोबर. ऊन नसेल तर अंधार करून एकच टॉर्च लांब धरा.

पहाटवारा

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला, माफ करा.

दारांचं क्लिअर आणि रंग पूर्ण घासून काढला, सरफेसर पी८०० ला पाण्याने संपवला. आतल्या कडा मारून दारं गाडीवर बसवली. मग दोन्ही बाजू फेंडरपासून मागच्या चाकापर्यंत काळ्या केल्या आणि त्या काळ्याला हात लावला नाही. रंग सगळा एकाच बादलीत मिसळला आणि बॉनेट-डिकीवरही नव्या रंगाचे हात दिले, कारण जुना डबा संपलेला होता आणि मला पुन्हा दोन डब्यांची पैज लावायची नव्हती. त्यांचं क्लिअर आधी घासलं, खाली पुन्हा काळा मारला.

आधी नमुन्याचा पत्रा केला. एका जुन्या फेंडरचा फुगीर तुकडा उभा टांगला, त्यावर एक, दोन, तीन असे सहा हातांपर्यंत पट्टे सोडत गेलो. चौथ्या आणि पाचव्यात फरक दिसेना, म्हणून गाडीवर पाचच हात. भिंतीवर कागद चिकटवून प्रत्येक पॅनलपुढे रेघ ओढत होतो. डाव्या दारावर तिसऱ्या हातानंतर मोह झाला होता, मास्तर. कागदाकडे पाहिलं आणि गन खाली केली.

दोन हातांमधलं थांबणं सगळ्यात अवघड गेलं. काही वेळा अठरा-एकोणीस मिनिटं. पण एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली: हात पडल्या पडल्या दार गढूळ, राखी-हिरवं दिसतं. मग कडेकडून चमक ओसरत जाते आणि तिच्या मागोमाग रंग *उगवत* येतो. आधी कडा, मग मधला भाग. त्या चकत्या निजताना दिसतात म्हणा ना. शेवटचा दवाचा हात दिला तेव्हा तर काही पडतंय असंच वाटत नव्हतं. वाळल्यावर पाहिलं तर पट्ट्यांचा मागमूस नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात ढकलत आणली. फेंडर, दार, मागचं पॅनल, सगळीकडे एकच लाट. पुढून मागे चालत गेलो तर जांभळी रेघ माझ्याबरोबर चालत होती, दाराच्या फटीवरून उडी न मारता. त्यानंतर बूथमध्ये क्लिअर मारून आणलं, तीन हात.

एकच राहिलंय. इंधनाच्या टाकीचं झाकण. ते मी पहिल्या वेळी दारांबरोबर आडवं मारलं होतं आणि या वेळी गडबडीत बसवायला विसरलो. आता ते मागच्या फेंडरवर निळा ठिपका होऊन बसलंय. रंग उरलाय, पण त्यासाठी अख्खा फेंडर पुन्हा मारायची तयारी नाही.

लोहारकाम

अख्खा फेंडर नका मारू. झाकण वेगळा तुकडा आहे, चारही बाजूंनी फट आहे, हे तुमच्या पथ्यावर पडेल. फक्त जागेवर बसवून मारा, सुटं नको.

गनमास्तर

झाकण जागेवर बसवा, बंद करा, आणि काळ्यापासून सुरुवात करा. त्याच कागदावरचे पाच हात, तोच दाब, तोच थिनर, दुपारची वेळ. भोवतालचा फेंडर पूर्ण झाका, पण टेप फटीत आत दुमडून लावा, कडेवर उघडी ठेवू नका, नाहीतर झाकणाच्या काठाला रंगाची जाड धार धरेल. गन झाकणापुरती फिरवू नका. फेंडरवर असती तशीच लांबून आणा आणि पुढे नेऊन सोडा, टेपवर रंग वाया गेला तरी जाऊ द्या. वाळलं की टेप काढून आधी उन्हात पाहा, मग क्लिअरचं बोलू.

पहाटवारा

टेप आणून ठेवली आहे. रविवारी दुपारी मारतो आणि फोटो टाकतो.